हूसेबी ते होल्मेनकोलेन

नोकरीनिमित्त उत्तरेकडे बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच पौषात कळून चुकते, की आपण पुण्याला जिला थंडी म्हणत होतो ती थंडी नव्हेच. मग तो रजई भरून घेतो, कचेरीत टेबलाखाली शेगडीची सोय होते का ते पाहतो आणि गावी पत्र लिहिताना दर वेळी तापमानाचा आकडा न विसरता घालतो. पण एवढे सोसूनही हिमाशी त्याचा परिचय शिमल्याच्या एखाद्या छायाचित्रापलीकडे सहसा जात नाही. मीही त्यांपैकीच एक. तेव्हा स्कीच्या शर्यतींविषयी लिहिण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे. ह्या खेळाचा इतिहास जितका पायांनी घडविला, तितकाच तो टिपणे, तक्ते आणि निकालपत्रे लिहिणाऱ्यांनीही घडविला आहे. आणि टिपणे व तक्ते हा तर आमचा पोटापाण्याचा व्यवसाय!

हा खेळ नॉर्वेचा. स्की हा शब्दच मुळी तेथल्या जुन्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ चिरलेले लाकूड, फळी असा काहीसा आहे. डोंगराच्या उतारावरून नुसते खाली झेपावण्याचा जो प्रकार आल्प्सच्या परिसरात वाढला तो निराळा. नॉर्वेत वाढलेल्या परंपरेत तीन गोष्टी येतात : चढउतारांच्या रानातून दूरच्या पल्ल्याची धाव, उंचवट्यावरून उडी, आणि ह्या दोहोंचे गुण एकत्र करून ठरविली जाणारी संयुक्त स्पर्धा. ह्या तिसऱ्या स्पर्धेला नॉर्वेत बराच काळ सर्वश्रेष्ठ मान होता. कारण उघड आहे. शेजारच्या गावी औषध आणायला जाणाऱ्या माणसाला दमही हवा आणि वाटेतला कडा उतरून जाण्याची छातीही हवी. केवळ उडी मारणारा किंवा केवळ धावणारा हा अर्धाच स्कीपटू, अशी तेथल्या जुन्या मंडळींची समजूत होती.

शर्यतींचे सर्वांत जुने लेखी नियम मात्र खेळाडूंनी केलेले नसून लष्कराने केलेले आहेत. १७६७ साली, नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखाली असताना, स्कीवर चालणाऱ्या शिपायांसाठी बक्षिसे जाहीर झाली. त्यांचे चार वर्ग होते. उतारावरून जाता जाता निशाण टिपणे हा एक. झाडांमधून वाट काढत न पडता खाली येणे हा दुसरा. काठीवर न रेलता तीव्र उतार उतरणे हा तिसरा. आणि बंदूक व सामान अंगावर घेऊन सपाटीवर धावणे हा चौथा. ह्यांतील ‘काठीवर न रेलता’ ही अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तो ह्याच काठीवरून.

गावोगावच्या शर्यती अर्थात ह्या सरकारी कागदाची वाट पाहत थांबल्या नसणार. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्त्या होत. कोणी कोणाला चीत केले हे पंचक्रोशीला ठाऊक असे आणि त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक असण्याची गरजही नसे. तसेच तेथे. १८४३ साली उत्तरेकडील ट्रोम्सो ह्या गावच्या वृत्तपत्रात एका शर्यतीची जाहीर सूचना छापून आली. १८६१ साली ट्रिसिल येथे नेमबाजी व स्की यांचे मंडळ स्थापन झाले, आणि पुढल्याच वर्षीच्या तेथल्या शर्यतीत इंग्रिड वेस्टबी नावाच्या एका मुलीने उडी मारून पाहणाऱ्यांची वाहवा मिळविली. हे १८६२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना स्कीची उडी मारण्याची परवानगी मिळाली २०१४ मध्ये! मधल्या दीडशे वर्षांत त्या मुलीच्या उडीची आठवण नियामक मंडळांपैकी कोणालाच कशी झाली नाही, ह्याचे नवल वाटते.

परंतु देशात सर्वांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न जत्रेच्या फडात उत्पन्नच होत नाही. तो उत्पन्न व्हायला एक सामाईक मैदान लागते, सर्वांना मान्य असे पंच लागतात, आणि ‘देश’ ही कल्पना लागते. नॉर्वेची गोष्ट ह्या बाबतीत मोठी विलक्षण आहे. १८१४ साली एड्सव्होल येथे त्या लोकांनी आपली राज्यघटना लिहिली. पण त्याच वर्षी त्यांना स्वीडनच्या राजाखाली संयुक्त राज्यात जावे लागले, आणि ती जोडी १९०५ पर्यंत सुटली नाही. राजा परक्या राजधानीत, परराष्ट्रखाते परक्यांच्या हाती, लिखाणाची भाषा चार शतकांच्या सहवासाने डेन्मार्कच्या वळणावर गेलेली. अशा देशाच्या सुशिक्षितांनी आपले म्हणून दाखविता येईल असे काहीतरी शोधू लागावे हे स्वाभाविकच होते. त्यांना लोकगीते सापडली, लोककथा सापडल्या. आणि तेलेमार्कच्या डोंगरात एक खंडकरी शेतमजूर सापडला.

सोन्द्रे नोरहाइम त्याचे नाव. जन्म १८२५ चा, मोर्गेदाल येथला. स्वतःची जमीन नाही, घरात खाणारी तोंडे बरीच, आणि कामाचा दिवस असला तरी चांगला हिमवर्षाव झाला की हा गडी पाहता पाहता टेकडीवर! पण त्याचे हात पायांइतकेच चतुर होते. पूर्वी स्की पायाला पुढच्या बाजूनेच बांधीत. टाच मोकळी राही आणि उडी मारली तर पट्टी कोठे जाईल याचा नेम नसे. सोन्द्रेने लवचिक फांद्या पिळून टाचेमागून बंध घातला. स्की मध्यभागी किंचित निमुळती केली, की वळण घेणे सोपे जावे. १८६८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो आपल्या सोबत्यांसह सुमारे २०० किलोमीटर अंतर स्कीवरूनच तोडून क्रिस्तियानिया शहरी, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे, शर्यतीला आला. शहरातली मंडळी तोवर एक लांब काठी दोन्ही हातांनी धरून, तिच्यावर बसल्यासारखे रेलत उतार उतरत असत. हा डोंगरातला माणूस काठीचा आधार न घेता खाली आला, हवेत उडाला, आणि जमिनीला टेकताच एक पाय पुढे व एक मागे करून डौलाने वळून थांबला. पहिले बक्षीस अर्थातच त्याला मिळाले. ह्या वळणाला पुढे तेलेमार्क हेच नाव पडले. आणि शहराच्या वाट्यालाही नामोल्लेख यावा म्हणून की काय, दुसऱ्या एका वळणाला क्रिस्तियानिया म्हणू लागले. ज्या स्लालोम शब्दाने आता आल्प्सवाले आपला खेळ मिरवितात तोही मोर्गेदालच्याच बोलीतला आहे.

सोन्द्रेची पुढली हकीकत मात्र सुखाची नाही. १८८४ साली पोटासाठी तो सहकुटुंब अमेरिकेत गेला. उत्तर डाकोटाच्या त्या सपाट मुलखात टेकडी कोठली? १८९७ साली तो तेथेच वारला, आणि त्याच्या कबरीवर कित्येक दशके साधी खूणही नव्हती. मुलूख सोडून पोटामागे जाणाऱ्यांच्या ह्या नियतकालिकात ही गोष्ट अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी.

इकडे राजधानीत १८७७ साली स्कीमंडळ निघाले, आणि १८७९ पासून शहराजवळच्या हूसेबीच्या टेकडीवर वार्षिक शर्यती सुरू झाल्या. तेलेमार्कचे मिक्येल व टोर्युस हेम्मेस्ट्वाइट हे बंधू येथे गाजले. शहरातल्या मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी केले, आणि काही वर्षांनी तेही अमेरिकेला गेले. १८८३ मध्ये स्कीच्या प्रसारासाठी एक संस्था स्थापन झाली व शर्यतींची व्यवस्था तिच्याकडे आली. १८८८ साली हूसेबी येथे ५० किलोमीटरची पहिली शर्यत झाली; टोर्युसने ती साडेचार तासांच्या आत पुरी केली. हे सगळे ठीकच. परंतु पंचांपुढे एक अवघड कोडे उभे राहिले. धावेचा वेळ घड्याळ सांगते. उडीचे अंतर फूटपट्टी सांगते. पण उडीचा डौल कोणी सांगायचा? आणि मिनिटे, मीटर व डौल ह्या तीन भिन्न जातींच्या वस्तूंची बेरीज करायची कशी? त्यातून गुणांचे तक्ते आले, मग तक्त्यांवरचे वाद आले, मग सुधारलेले तक्ते आले. ज्याने कधी वेतनश्रेणींच्या सममूल्यतेची टिप्पणी लिहिली आहे त्याला ह्या पंचांविषयी खचितच आपुलकी वाटेल.

त्याच सुमारास शेजारच्या स्वीडनमध्ये एक शर्यत झाली. ती राष्ट्रीय अजिंक्यपदाची नव्हती, तरी तिची हकीकत मला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १८८३ साली नॉर्डेनशेल्ड हे संशोधक ग्रीनलंडच्या हिमपठारावर गेले होते. त्यांचे पुढे जाणे अशक्य झाले तेव्हा बरोबरच्या दोघा सामी माणसांना त्यांनी स्कीवरून पुढे पाठविले. सामी म्हणजे उत्तरेकडील रेनडिअर पाळणारे आदिवासी. ते दोघे ५७ तासांनी परत आले आणि म्हणाले, आम्ही जाऊन येऊन ४६० किलोमीटर तोडले. विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. अडाणी माणसांना अंतराचा अंदाज कोठला, असा एकंदर सूर. त्या दोघांचा शब्द खोटा ठरला असता तर नॉर्डेनशेल्ड यांच्या अहवालालाही बाध आला असता. पण खरी नाचक्की झाली असती ती त्या दोघांची, आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला हिमाखेरीज कोणी नव्हते. म्हणून १८८४ च्या एप्रिलमध्ये योक्मोक्कच्या परिसरात २२० किलोमीटरची शर्यत ठेवण्यात आली. ह्या दोघांपैकी एक, पाव्वा लार्स टुओर्डा, तीत उतरला आणि विश्रांती धरून २१ तास २२ मिनिटांत पहिला आला. ग्रीनलंडमध्ये ते नेमके किती गेले ह्याविषयी पुढेही शंका घेतल्या गेल्या. पण असा माणूस तेवढे जाऊच शकत नाही, हे म्हणणे त्या दिवशी संपले. शर्यतीच्या निकालपत्राचा साक्षीपुराव्याप्रमाणे उपयोग झाल्याचे असे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

ह्या सामींच्या सफरीचे वृत्त बर्गेन येथे एका तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या वाचनात आले आणि ग्रीनलंड स्कीवरून ओलांडता येईल ही कल्पना त्याच्या मनात चमकून गेली. तो फ्रिटयॉफ नान्सेन. १८८८ साली पाच सोबत्यांसह त्याने ती खरी केली. आणि त्या पाचांतही दोघे सामी होते. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले आणि स्की हा शब्द युरोपभर झाला. ज्या राष्ट्राला अद्याप स्वतःचा राजा नव्हता त्याला आपला राष्ट्रीय खेळ जगापुढे मांडता आला. आता त्याला शोभेल असे मैदान हवे होते.

ते लाभले हवामानाच्या कृपेने, किंवा अवकृपेने म्हणा. हूसेबीची टेकडी फार खाली; १८९० च्या आसपास हिवाळे ऊबदार गेले आणि शर्यतीच्या दिवशी टेकडीवर हिमच नाही असा प्रसंग आला. तेव्हा रस्त्यांचे अभियंते हान्स क्राग आणि स्कीचे जाणकार फ्रिट्स हुइटफेल्ट यांनी शहराच्या वरच्या अंगाला, अधिक उंचावर, होल्मेनकोलेन ही जागा हेरली. ३१ जानेवारी १८९२ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. दहा-बारा हजार माणसे लोटली. सर्वांत लांब उडी आर्ने उस्टव्हेट याची, २१.५ मीटर, पण पहिला आला मोर्गेदालचा स्वाइन सोलिड. लांब उडी मारणारा जिंकला नाही ह्याचे कोणाला वैषम्य वाटले नाही, कारण स्पर्धा उडीची नव्हतीच, सबंध स्कीपटूची होती.

१९०५ साली स्वीडनशी असलेला संबंध सुटला. डेन्मार्कच्या राजपुत्राला नॉर्वेकरांनी राजा म्हणून निवडले, आणि हाकोन हे नाव घेऊन आलेल्या ह्या नव्या राजाला व राणी मॉडला पहिली काही वर्षे प्रजेसमोर स्की शिकावी लागली. त्यांचा मुलगा ओलाव मात्र तेथेच वाढला. युवराज असताना १९२२ व १९२३ मध्ये त्याने होल्मेनकोलेनच्या उड्यांत भाग घेतला. राजपुत्राने सर्वांदेखत पडण्याचा धोका पत्करून शेतकऱ्यांच्या मुलांच्या रांगेत उभे राहावे, ही गोष्ट आपल्या संस्थानिकांच्या आठवणी ताज्या असणाऱ्यांना थोडी नवलाची वाटेल.

१९०८ साली सर्व मंडळांची मिळून राष्ट्रीय स्कीसंघटना झाली आणि अजिंक्यपदाच्या शर्यतींना देशव्यापी रूप आले. येथे एक भेद सांगणे जरूर आहे. होल्मेनकोलेन राजधानीचे; ते जागचे हलत नाही, आणि त्याचा दिमाख मोठा. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मेळा मात्र फिरता. आज ह्या खोऱ्यात, तर पुढल्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर. ज्या गावाचे नाव नकाशात भिंगाने शोधावे त्याच्याकडेही यजमानपद जाऊ शकते, आणि विजेत्याला मिळणाऱ्या राजाच्या चषकाला तेथे तेवढीच झळाळी असते. ज्या देशात एका खोऱ्याची बोली दुसऱ्या खोऱ्याहून वेगळी, तेथे देश एक असल्याचा प्रत्यय भाषणांपेक्षा अशा मेळ्यांनीच अधिक आणून दिला असेल, असे माझे मत आहे.

ह्या अजिंक्यपदाची खरी कसोटी लागली ती मात्र ते न भरविण्यात. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. राजा लंडनला गेला. त्या शरद ऋतूत क्विस्लिंगच्या पक्षाने क्रीडासंस्था ताब्यात घेऊन वरून फर्माने काढायला सुरुवात केली. खेळाडूंनी शस्त्र उचलले नाही; ते खेळेनासे झाले, एवढेच. मंडळे ओस पडली. नव्या सत्तेच्या आश्रयाने ज्या स्पर्धा झाल्या त्यांत उतरायला नाव घेण्याजोगे कोणी नाही आणि पाहायलाही कोणी नाही. उलट रानात, आडबाजूला, चोरून शर्यती होत. लेक प्लॅसिड येथे १९३२ मध्ये आणि गार्मिश येथे १९३६ मध्ये उडीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेला कोंग्सबर्गचा बिर्गर रूड अशा चोरट्या शर्यतींत असे. १९४३ मध्ये त्याला पकडून ग्रिनीच्या बंदिछावणीत टाकले. १९४४ पर्यंत तो तेथे होता. तिशीच्या आरंभीची वर्षे ही! खेळाडूच्या आयुष्यातली अशी वर्षे परत मिळत नाहीत, आणि हजारो अनाम मुलांनीही ती अशीच देऊन टाकली. होल्मेनकोलेनच्या व राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या विजेत्यांची यादी पाहू लागलो की १९४० नंतर एकदम १९४६ येते. मधल्या पाच ओळी कोऱ्या आहेत. १९४८ साली सेंट मॉरिट्झ येथे छत्तीस वर्षांचा रूड प्रशिक्षक म्हणून गेला, हवा वाईट पाहून स्वतःच उडीला उतरला, आणि रौप्यपदक घेऊन आला. सुवर्णपदक त्याच्याच गावच्या पेटर हुगस्टेड याला मिळाले.

१९५२ चे हिवाळी ऑलिंपिक ऑस्लोला झाले. त्याची ज्योत ग्रीसमधून न आणता मोर्गेदालला, सोन्द्रे नोरहाइमच्या त्या दरिद्री झोपड्याच्या चुलाण्यात पेटविली. पेटविणारा होता ओलाव ब्याऑलंड. मोर्गेदालचाच सुपुत्र, १९०२ चा होल्मेनकोलेनचा विजेता, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी आमुन्सेनबरोबर दक्षिण ध्रुवावर उभा राहिलेल्या पाचांपैकी एक. ९४ स्कीपटूंनी ती ज्योत हातोहाती सुमारे २२५ किलोमीटर नेली. म्हणजे १८६८ साली सोन्द्रे ज्या वाटेने आला साधारण त्याच वाटेने. स्टेडियमात ती शेवटी लावली नान्सेनच्या नातवाने. इतके जुळवून आणलेले समारंभ मला एरवी आवडत नाहीत. पण ह्या ठिकाणी जुळवाजुळव करणाऱ्यांनी हयातभर उपेक्षिलेल्या माणसाच्या घरापर्यंत जाण्याची तसदी घेतली, हे मान्य केले पाहिजे.

आता ज्या प्रकरणामुळे मी ह्या विषयाकडे वळलो ते सांगतो. १९२४ साली शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. नॉर्डिक स्कीची चारही सुवर्णपदके नॉर्वेने नेली. त्यांतील तीन – १८ किलोमीटर, ५० किलोमीटर आणि संयुक्त – एकट्या थोर्लाइफ हाउगची. होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरची शर्यत सहा वेळा जिंकलेला हा माणूस. त्याच्याविषयी कोणाला शंका घ्यायचे कारण नव्हते. उडीतही त्याला तिसरा क्रमांक देऊन कांस्यपदक दिले. चौथा आला अमेरिकेतर्फे उतरलेला आंडर्स हाउगन. त्याने त्या दिवसाची सर्वांत लांब उडी मारली होती, तरी डौलाच्या गुणांत तो मागे पडला. हा हाउगनही मूळचा तेलेमार्कचाच, पोटामागे देश सोडून गेलेला. त्याने निकाल मुकाट्याने मानला.

पुढे पन्नास वर्षांनी त्या संघातील जुन्या मंडळींपैकी एकाने, थोराल्फ स्ट्रोमस्टाड याने, गुणांच्या तक्त्यातली बेरीज चुकल्याचे दाखवून दिले. हाउगचे गुण जास्त मांडले गेले होते. नीट आकडेमोड केली की तो चौथा आणि हाउगन तिसरा. कोणी लबाडी केली नव्हती. कोणीतरी थंडीत गारठलेल्या बोटांनी आकडे मांडले होते आणि ते कोणी पुन्हा ताडून पाहिले नव्हते. माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या सेवापुस्तकात जन्मसाल एका वर्षाने चुकले होते. त्याने अकरा अर्ज केले, आणि बाराव्याचे उत्तर येण्यापूर्वी तो निवृत्त झाला. त्याच्या निरोपसमारंभात मी मानपत्र वाचले होते. त्यात जन्मसाल कोणते घालायचे यावरही थोडी चर्चा झाली होती.

थोर्लाइफ हाउग १९३४ सालीच न्यूमोनियाने वारला होता. तेव्हा १९७४ मध्ये, आंडर्स हाउगन नॉर्वेला आला असताना, हाउगच्या मुलीने घरात इतकी वर्षे जपून ठेवलेले ते कांस्यपदक आणले आणि त्या वृद्धाच्या हाती दिले.